पूजेचा पाना

मुकुंद खासनीस दमलेले आहेत. ही चहाडी नव्हे. ते स्वतःच दिवसातून तीनदा सांगतात. सकाळी ऑफिसचा जिना चढताना, दुपारी डबा उघडताना आणि संध्याकाळी टेबलाचा खण बंद करताना. "दमलो रे बाबा." यातला बाबा म्हणजे मी. त्यांच्या खोलीत दुसरं कोणी बसत नाही.

बडोद्याच्या विमानतळाला लागून, प्रवाशांना दिसत नाही अशा बाजूला, आमचं हँगर आहे. मोठी पत्र्याची शेड. शिकाऊ वैमानिकांची दोन सीटची आणि कारखानदारांची आठ सीटची विमानं इथे दुरुस्तीला येतात. खासनीससाहेब तिथले क्वालिटी मॅनेजर. हे काम नेमकं काय, ते माझ्या धरणगावच्या आईला समजावून सांगायला मला तीन दिवाळ्या लागल्या. विमान आम्ही दुरुस्त करत नाही. जो करतो त्याने ते कसं केलं, कुठल्या हत्याराने केलं, त्या हत्याराचं माप शेवटचं कधी तपासलं, आणि हे सगळं त्याने लिहून ठेवलं का, एवढंच बघतो. "म्हणजे मुकादम," आई म्हणाली आणि भाजी निवडायला बसली.

साहेबांचे आजोबा संस्थानच्या दप्तरात होते, वडील रेल्वेच्या तपासणी खात्यात. मी एकदा म्हणालो, "साहेब, तुमच्या घराण्यात तीन पिढ्यांनी स्वतः काही बनवलंच नाही. दुसऱ्याने बनवलेलं बरोबर आहे का, तेवढं पाहिलं." ते रागावले नाहीत. म्हणाले, "हो ना. म्हणून तर पोरीने कुंभारकाम शिकायचा क्लास लावलाय."

त्यांचा एकच शत्रू होता आणि तो म्हणजे एक शब्द : चालशे. गुजरातेत हा शब्द हवेसारखा असतो. चहात साखर कमी, चालशे. स्क्रू जरा वाकडा, चालशे. गॅरेजात तो ठीक आहे, पण साहेबांनी नोकरीला लागल्याच्या पहिल्या वर्षी हँगरच्या दारावर स्वतःच्या अक्षरात पाटी लावली होती : 'येथे काही चालत नाही.' नवी माणसं घाबरत. त्यांना वाटे कंपनीच बंद आहे.

आता फाईल उघडणं म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण सगळी गोष्ट त्यावर आहे. आमच्याकडे चूक सापडली की तिची फाईल उघडते. कारण शोधायचं, उपाय करायचा, आणि तो उपाय लागू पडला हे दाखवायचं. मग ती बंद होते. उपायासमोर एका माणसाचं नाव लिहितात. त्या नावाच्या माणसाला फाईल बंद होईपर्यंत सुटका नाही. हा नियम साहेबांनीच पुस्तकात घातलेला. त्याआधी लोक चूक करून बदली मागत.

गेल्या वर्षी साहेब चौसष्टचे झाले. खरं तर ते साठाव्या वर्षीच घरी जायचे होते. पण या खुर्चीत बसायला दिल्लीची मंजुरी लागते, वीस वर्षांचा अनुभव लागतो, आणि तेवढा अनुभव असलेला माणूस बडोद्याला कशाला येईल? चार वेळा मुदतवाढ झाली. पाचव्या वेळी पुण्याचा इंद्रनील नावाचा एक माणूस हो म्हणाला. त्याची अट एकच : "खुर्ची स्वच्छ द्या. एकही उघडी फाईल मी घेणार नाही." अट रास्त होती. साहेबांनी जूनपासून एकेक फाईल बंद करत आणली. नोव्हेंबरअखेर निघायचं ठरलं.

घरी नलिनीकाकूंनी डिसेंबरची सावंतवाडीची दोन तिकिटं काढून ठेवली. सावंतवाडी त्यांचं माहेर. दर मुदतवाढीला त्यांचं माहेरपण एकेक वर्ष पुढे गेलं होतं. आता चार महिने राहायचं, गुडघ्यांना तिथल्या वैद्याचं तेल लावायचं आणि साहेबांनी गजराविना उठायचं, असा बेत होता. मी नागरवाड्यातल्या त्यांच्या फ्लॅटवर कागदांवर सह्या घ्यायला जाई तेव्हा बॅग माळ्यावरून खाली आलेली दिसायची. पुढच्या खेपेला ती पुसलेली होती. त्याच्या पुढच्या खेपेला तिच्यात दोन साड्या होत्या.

"काकू, अजून दोन महिने आहेत," मी म्हणालो.

"यांच्या बाबतीत मी आधीपासून भरते," त्या म्हणाल्या. "म्हणजे मागे फिरायला यांनाच लाज वाटेल."

मग आली खंडेनवमी.

त्या दिवशी आमच्याकडे काम बंद असतं. बडोद्यातल्या मराठी घरांत जशी तलवार, सुरी, शिवणयंत्र पुजतात तशी हँगरमध्ये हत्यारं पुजतात. भिंतीवर लाल फळा आहे, त्यावर प्रत्येक हत्याराची काळी आकृती रंगवलेली. आकृती रिकामी दिसली की हत्यार बाहेर आहे हे लांबूनही कळावं. विमानाच्या पोटात पाना विसरून कोणी उडू नये. नवमीला सगळी हत्यारं उतरवून पुसतात, टेबलावर मांडतात, समोर चौरंग ठेवतात.

पूर्वी सगळ्याच हत्यारांना हळदकुंकू वाहत. एकदा ते एका टॉर्क पान्याच्या आत गेलं. टॉर्क पाना म्हणजे नट किती आवळायचा ते मोजणारा पाना. माप लावून ठेवायचं. तेवढं आवळलं की हातात 'कट्' असा झटका येतो. कुंकू गेलेला पाना कट् करेना. तेव्हा साहेबांनी तोडगा काढला : वापरातल्या हत्याराला कुंकू नाही, पूजेला एक निवृत्त पाना चौरंगावर बसेल. तीन नंबरचा टॉर्क पाना, माप बिघडल्यामुळे बाद झालेला. तो दिसायला अगदी वापरातल्या सात नंबरसारखा, एकाच कंपनीचा. फरक एवढाच की तीन नंबरला लाल पट्टी बांधलेली : 'वापरास अयोग्य'. वर्षभर तो घंटा आणि निरांजनाबरोबर पत्र्याच्या डब्यात राही.

त्या नवमीला गुरुजींनी मंत्र म्हटले, आमचे वरिष्ठ पारेखभाई यांनी नारळ फोडला, जिलबी-फाफडा झाला. मग सगळ्यांनी हत्यारं परत फळ्यावर लावली. शिवांगीने यादी घेऊन एकेकावर टिक केली. शिवांगी प्रतापनगरच्या रेल्वे कॉलनीतली, आमच्याकडे पाच वर्षं टेक्निशियन. परीक्षा पास झालेली, विमान तपासून सोडायच्या सहीचा अधिकार तिला महिनाभरात मिळणार होता. या हँगरमध्ये तो मिळवणारी ती पहिलीच मुलगी. तिच्या वडिलांनी पेढ्यांची चौकशी करून ठेवली होती.

दसरा झाला, रविवार गेला, तीन दिवस काम झालं. गुरुवारी सकाळी साहेब नेहमीची फेरी मारताना फळ्यासमोर थांबले. मी मागे वही घेऊन. सात नंबरच्या आकृतीवरचा पाना त्यांनी उतरवला, मूठ उजेडात धरली. मुठीवर नंबर कोरलेला असतो. त्या कोरलेल्या रेघांत कुंकू होतं.

"हा तीन आहे," ते म्हणाले. आवाज अगदी साधा होता, बस चुकली असं सांगावं तसा.

मी पत्र्याचा डबा उघडला. घंटा, निरांजन, आणि त्यांच्या शेजारी सात नंबर, स्वच्छ, गेल्याच महिन्यात मापून आणलेला.

तीन दिवसांत बिघडलेल्या पान्याने दोन विमानांचे नट आवळले गेले होते. एक समोरच उभं होतं. दुसरं, आठ सीटचं, आदल्या दिवशी भावनगरला गेलेलं. त्याच्या चाकाचे आठ बोल्ट. साहेबांनी पारेखभाईंना न विचारता भावनगरला फोन लावला आणि विमान जागेवर उभं करायला सांगितलं. त्यातून जाणारी मंडळी कोणाच्या तरी साखरपुड्याला निघाली होती. ती शेवटी मोटारीने गेली, आणि जाताना आमच्याबद्दल काय बोलली ते भावनगरच्या माणसाने आम्हाला सविस्तर कळवलं.

मी, शिवांगी आणि सही करायचा अधिकार असलेला आमचा एक इंजिनिअर, असे गाडीने निघालो. शिवांगीने सात नंबर मांडीवर घेतला होता. पाच तासांत ती एकदाच बोलली : "टिक मी केली होती." आठ बोल्ट तपासले. पाच जागचे हलले नाहीत. तीन थोडे फिरले आणि मग कट् झालं. फार नाही, पण फिरले. त्याचं काय झालं असतं हे कोणी विचारलं नाही. बहुधा काहीच नसतं झालं. बहुधा हा शब्दही आमच्याकडे त्या पाटीखाली येतो.

दुसऱ्या दिवशी कारण शोधायची बैठक. आमची पद्धत सोपी आहे : 'का?' असं विचारत जायचं, तळ लागेपर्यंत. पारेखभाईंना ती पद्धत मनापासून आवडत नाही.

"साहेब, एमां शूं शोधायचं?" ते म्हणाले. "माणसाची चूक. ह्युमन एरर लखी नाखो, लिहून टाका. शिवांगीला दोन दिवस ट्रेनिंग, तिचा सहीचा अधिकार सहा महिने पुढे. आठवड्यात फाईल बंद. तुम्ही सावंतवाडीला जाऊन मासे खा."

"आम्ही मासे खात नाही," साहेब म्हणाले.

"तो आंबा खाओ."

"डिसेंबरात?"

पारेखभाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी वहीत तारीख लिहिली. ती आधीच लिहिलेली होती.

साहेब शिवांगीकडे वळले. "नंबर न बघता टिक का केलीस?"

"आकृतीत पाना होता, सर. जागा सातची. म्हणून सात लिहिला."

"म्हणजे जागा बघितलीस."

"हो. सगळे तसंच करतात. पण मी करायला नको होतं."

"सगळ्यांचं नंतर बघू. सातच्या जागी तीन का गेला?"

"टेबलावरून लावताना दोन्ही जवळजवळ होते. सारखेच दिसतात."

"सारखे दिसतात म्हणून त्याला लाल पट्टी असते. ती का नव्हती?"

शिवांगीने खाली पाहिलं, मग माझ्याकडे, मग पंख्याकडे. मलाही पंख्यात अचानक रस वाटू लागला. कारण ते आम्ही दोघांनीही पाहिलं होतं.

"बोल ना," साहेब म्हणाले.

"तुम्ही काढलीत, सर. पूजेच्या आधी."

साहेबांनी पाकीट उघडलं आणि लाल पट्टी टेबलावर ठेवली. धुऊन फिकी झालेली, इस्त्री केल्यासारखी सपाट. "नलिनीला काल शर्टाच्या खिशात मिळाली. मशीनमधून निघाली," ते म्हणाले. "देवीपुढे 'अयोग्य' असं लिहिलेलं काय ठेवायचं, म्हणून मी काढली. आरती झाली की बांधणार होतो. मग जिलबी आली."

"बस, तो पती गयुं, संपलं," पारेखभाई म्हणाले. "पट्टी काढली, विसरलात. थाय. आता लिहा काहीतरी."

"अजून एक 'का?' राहिला आहे." साहेबांनी डोळे चोळले. ते खरोखर फार दमलेले दिसत होते, कोणीतरी झोपेतून उठवून उभं केल्यासारखे. "बाद झालेलं हत्यार करवतीने कापून टाकायचं, असा आपल्याच पुस्तकात नियम आहे. हा पाना अख्खा का होता?"

याचं उत्तर कपाटात होतं. मी ते काढून आणलं, कारण मलाच आणायचं होतं. चार वर्षांपूर्वीचा कागद : 'क्रमांक तीन, पूजेसाठी राखीव, कापण्यातून सूट.' खाली कारण : 'खंडित वस्तूची पूजा करत नाहीत.' त्याखाली सही. ती सही मी दिवसातून वीस वेळा बघतो.

तळ लागला होता. पण तिथे पोचल्यावर कोणाला आनंद झाला नाही.

पारेखभाई खुर्ची जवळ ओढून, जरा हळू आवाजात म्हणाले, "मुकुंदभाई, आ समजो. तुमची चूक लिहिलीत तर उपाय पण तुमच्या नावावर. आणि उपाय पूजेचा. तो लागू पडला हे क्यारे दाखवणार?"

"पुढच्या खंडेनवमीला."

"एक वर्ष. इंद्रनील येणार नाही. नलिनीबेनला काय सांगणार?"

शिवांगी उभी राहिली. "सर, माझं सहा महिनेच जातील. तुमचं वर्ष जाईल. हिशोब सरळ आहे. माझं लिहा."

"खाली बस," ते म्हणाले. "मोठी त्यागमूर्ती. तुझं नाव लिहिलं तर पुढच्या वर्षी पुन्हा कोणीतरी पट्टी काढेल, आणि तुझ्या जागी दुसरी टिक करणारी असेल. तीस वर्षं लोकांना सांगत आलो, माणूस चुकला हे कारण नव्हे, ती बातमी आहे. आता शेवटच्या महिन्यात माझ्यासाठी ते कारण होणार का?" मग म्हणाले, "आणि तू नंबर न बघता टिक केलीस, त्याबद्दल उद्यापासून महिनाभर रोज सकाळी सगळ्या हत्यारांचे नंबर मला मोठ्याने वाचून दाखवायचे."

"दोनशे चौदा आहेत, सर."

"मला माहीत आहे. ऐकायला मलाच उभं राहायचंय."

मग माझ्याकडे वळून त्यांनी मजकूर सांगितला. मी लिहिला. जबाबदार व्यक्ती : मु. वा. खासनीस. उपाय दोन. एक, बाद हत्यार कापायचं, कोणालाही सूट नाही. दोन, पूजा फळ्याच्या लाकडी चौकटीची करायची; हत्यारं जागची हलवायची नाहीत, कुंकू चौकटीला लावायचं. तपासणीची तारीख लिहिताना माझा हात थांबला. "लिही," ते म्हणाले. "पंचांगात बघून लिही. अंदाजे नको."

जेवायच्या सुट्टीनंतर ते वर्कशॉपच्या टेबलाशी गेले. तीन नंबर शिकंज्यात धरला. करवत हातात घेतली, खाली ठेवली, चपला काढून बाजूला सरकवल्या. पान्याला हात जोडले. काही पुटपुटले, मला एवढंच ऐकू आलं, "चार वर्षं बसलास, आता माफ कर." मग करवत चालवली. चांगल्या पोलादाचा होता, वेळ लागला. मधे मी म्हणालो, "द्या, मी करतो." ते म्हणाले, "जबाबदार व्यक्तीच्या रकान्यात तुझं नाव आहे का?" घामाने त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता. दोन तुकडे झाल्यावर त्यांनी दोन्हींचे फोटो मला काढायला लावले, नंबर दिसेल असे.

संध्याकाळी मी त्यांच्याबरोबर नागरवाड्याला गेलो. फाईलवर एक सही राहिली आहे, असं कारण काढलं होतं. खरं म्हणजे ते एकटे जायला घाबरत होते आणि तसं सांगता येत नव्हतं.

काकूंनी सगळं ऐकून घेतलं. बॅग सोफ्याशेजारीच होती. आता तिच्यात तेलाच्या दोन रिकाम्या बाटल्याही होत्या, भरून आणायला.

"म्हणजे माझ्या माहेराच्या आड यंदा पाना आला," त्या म्हणाल्या.

"नलिनी, तसं नाही..."

"मागच्या वर्षी दिल्लीचा कागद होता. त्याआधी इंजिन होतं. निदान हा तरी तुमचा स्वतःचा आहे." त्या उठल्या, बॅगेतून एक साडी काढली, दुसरी राहू दिली. "ती पोरगी सुटली ना?"

"सुटली."

"मग चहा घ्या. तूही घे रे. तूच ना ती तारीख लिहिलीस? पंचांगात बघून?"

"साहेबांनी सांगितलं, काकू."

"तुमच्या ऑफिसात सांगितलेलं ऐकणारे भारी," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या. आतून भांड्यांचा आवाज नेहमीपेक्षा जास्त येत होता. साहेब तो आवाज डोळे मिटून ऐकत बसले. डिसेंबरची तिकिटं दुसऱ्या दिवशी रद्द झाली. इंद्रनीलने फोनवर सभ्यपणे सांगितलं की तो वर्षभराने पुन्हा विचार करेल.

शिवांगीला नोव्हेंबरात सहीचा अधिकार मिळाला. तिच्या वडिलांनी पेढे आणले. साहेबांनी एक खाल्ला आणि तिच्या पहिल्या सहीत तारीख अर्धवट पडली आहे हे दाखवलं.

ते वर्ष आता बरंच सरलं आहे. साहेब पासष्टचे झाले. जिन्यावर हल्ली मधे एकदा थांबतात. तिथे मी पायरीवर फाईल पाडतो, म्हणजे दोघांनाही थांबायला निमित्त होतं. त्यांना ते कळतं. परवा म्हणाले, "रोज तीच फाईल पाडू नकोस. नोंद करावी लागेल."

रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं. आज सकाळी ते आठच्या आधीच ऑफिसात येऊन बसले होते. मला संगणक लावायला सांगितला. सावंतवाडी रोड, दोन माणसं, खालचे बर्थ.

"नवमीचीच संध्याकाळ धरू का?" मी विचारलं. "सकाळी पूजा, दुपारी फाईल बंद, संध्याकाळी गाडी. काकू खूश."

"दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसाची काढ."

"मधला दिवस कशाला, साहेब?"

त्यांनी चष्मा काढला, नाकावरची खूण चोळली आणि पडद्यावरची दोन नावं, वयं, एकेक आकडा बोट ठेवून वाचली.

"पूजा झाल्यावर मी घरी जाणार," ते म्हणाले. "दुसऱ्या दिवशी सकाळी परत येऊन फळा एकदा बघणार. जिलबी संपल्यावर."

मी तिकिटं काढली. त्यांनी छापील कागद घेतला, चौघडी करून शर्टाच्या खिशात ठेवला. मग थोडं थांबून तो खिशातून काढला आणि पाकिटात घातला.